दहा मोळ्या, एक सिलिंडर

मावशीच्या घरी गॅस आहे. त्यावर सकाळचा चहा होतो, नातवाचं दूध तापतं, आणि मग शेगडीवर फुलाफुलांचं कापड पडतं ते दुसऱ्या सकाळपर्यंत. बाकी सगळा स्वयंपाक आणि पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी चुलीवर. मी कोंढ्याला गेले की या कापडावरून आमचं भांडण ठरलेलं. या मार्गशीर्षात ते रात्रीपर्यंत लांबलं. यावेळी मी जेवढी खात्री घेऊन गेले होते तेवढी घेऊन परतले नाही, म्हणून ते लिहून ठेवते आहे.

कोंढा पवनी तालुक्यातलं. भोवती धानाच्या बांध्या, धुऱ्यांवर (म्हणजे बांधांवर) बाभळी आणि तुरी, उन्हाळ्यात तळ दाखवणाऱ्या बोड्या, म्हणजे छोटी तळी. धान कापून झालं की संध्याकाळची थंड हवा जमिनीलगत बसते आणि घराघरांतला धूर वर जायचं सोडून कौलांच्या उंचीवर आडवा पसरतो. बसमधून उतरल्यावर पहिला श्वास त्या धुराचा. पुष्कळांना तो गावाचा वास म्हणून आवडतो. मला त्यानं आईचा खोकला आठवतो. माझ्या आईनं चाळीस वर्षं चूल फुंकली. शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी तिच्या फुप्फुसाचा फोटो उजेडात धरून विचारलं होतं, "किती वर्षं विडी ओढत होत्या?" तिनं जन्मात विडीला हात लावला नव्हता.

मावशी तिची धाकटी बहीण. त्या फुलांच्या कापडाचा मला एवढा राग का येतो हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती माझ्यावर कधी चिडत नाही. तिचं म्हणणंही ती कधी सोडत नाही.

"ये व पोरी, बस. च्या ठेवतो," ती म्हणाली. (आमच्या झाडीपट्टीत बायकाही 'ठेवतो', 'करतो' असंच बोलतात.)

"गॅसवर ठेव."

"आता चुलीत इस्तो हाये. तो कावून वाया जाऊ देऊ?"

मी बसता बसताच सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख माणसं गेली. श्वासनलिकांचा जुनाट आजार, हृदयविकार, पाच वर्षांखालच्या लेकरांचा न्यूमोनिया. बायकांच्या डोळ्यांतला मोतीबिंदूही या धुराशी जोडला जातो. भांड्याच्या बुडाशी साचते तीच काजळी श्वासातून आत जाते, फक्त तिथे ती घासायला राख नसते.

"तुह्या मायले मी पायलं हाये," मावशी म्हणाली. "मले सांगू नोको. पन तिची चूल अन् माही चूल एक नाई. तिच्या घरी जळतन ओलं राहे. तुह्या बापाची बांधी नव्हती. जे भेटन ते आनाचं अन् त्याच दिवशी जाळाचं."

हे मला माहीत होतं, पण असं कधी दिसलं नव्हतं. आईच्या चुलीबद्दलचा राग मी सगळ्या चुलींवर काढत होते का, हा प्रश्न त्या संध्याकाळी पहिल्यांदा मनात आला.

मग मावशी मला पडवीच्या टोकाला घेऊन गेली. तिथे कंबरेएवढी रास. बाभळीच्या फांद्या, मनगटाहून जाड एकही नाही, जाड होत्या त्या उभ्या फोडलेल्या. खाली दोन दगड आणि त्यांवर आडव्या बल्ल्या, म्हणजे जमिनीची ओल चढू नये. वर पत्रा, दोन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या. "हे फागुनातलं. आता जळून रायलं. पावसाळ्यात हात नाई लावत, तेव्हा तुराट्या अन् गोवऱ्या. अन् हे," तिनं पलीकडची दुसरी, बुटकी रास दाखवली, "हे औंदाचं. हे पुढच्या सालासाठी."

मी भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात ज्वलन शिकवताना मी फळ्यावर जे काढते ते सगळं त्या राशीत रचून ठेवलेलं होतं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणीच असू शकतं. ते चुलीत घातलं की आधी पाण्याची वाफ करण्यात उष्णता जाते, जाळ थंड राहतो, आणि थंड जाळ म्हणजे धूर. लाकूड स्वतः फारसं जळतच नाही. तापलं की त्यातून वायू सुटतात, सुक्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघतो, आणि आपण ज्याला जाळ म्हणतो तो या वायूंचा. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी ऊब मिळाली तर ते पूर्ण जळतात. नाही मिळाली तर तेच वायू न जळता डोळ्यांत जातात. धूर म्हणजे वाया गेलेलं सरपण. कमी लाकूड जाळणं आणि कमी धूर करणं ही दोन कामं नाहीत, एकच आहे.

चुलीशी परत आलो. यावेळी मी बोलायच्या ऐवजी बघत होते. तीन काड्यांच्या वर चुलीत एकही नाही. काडी टोकानं जळते तेवढीच आत, मागचा भाग बाहेर, जळेल तशी पुढे सरकवायची. चुलीचं तोंड लाकडानं बुजलेलं नाही, खालून हवा जाते. राख दर सकाळी काढलेली. पुढे चुलीवर भात, मागच्या वैलावर वरण, दोन्हींवर झाकण. डाळ दुपारपासून भिजलेली. भात अर्धा शिजला तसं मावशीनं एक काडी ओढून राखेत खुपसली, विझवली, बाजूला ठेवली. पुढचा भात निखाऱ्यांवर झाला. फुंकणी कोपऱ्यात होती, तिनं एकदाही उचलली नाही.

"फुकनी लागली मंजे काहीतरी चुकलं," ती म्हणाली.

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

आणि तरी मला वाद सोडायचा नव्हता. "ठीक आहे, तुझी चूल चांगली. पण तू दोन एकराची मालकीण आहेस. धुऱ्यावर तुझ्या बाभळी आहेत. त्यांच्या फांद्या छाटतेस, बुंधा ठेवतेस, दोन-तीन वर्षांत पुन्हा फुटतात. धानावरची सावलीही कमी होते. तुझं लाकूड दरवर्षी उगवतं. पण ज्या बायकांना धुरा नाही त्यांचं काय? त्या जंगलातच जातात ना?"

आमच्याच तालुक्यात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. मोहफुलं, तेंदूपानं आणि सरपण या तिन्हींसाठी पहाटे जंगलात शिरणाऱ्यांत बहुतेक बायका असतात, आणि वाघाशी गाठ पडते ती वाकून काम करताना. २०२५ च्या मे महिन्यात शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपानं तोडायला गेलेल्या तिघी जणी एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या पानांना गेल्या होत्या, काडीला नाही, हे खरं. पण वाट तीच असते.

मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ते खरं हाये. पन तिले सिलिंडर भराले पैसे कोन देते? जंगलात जाले पैसे नाई लागत."

इथे माझ्याकडे उत्तर तयार होतं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, आठ कोटींचं उद्दिष्ट सप्टेंबर २०१९ मध्ये पूर्ण झालं, आणि आठ कोटीवी जोडणी आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. जंगलालगतच्या गावांसाठी राज्याची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, तिच्यातून गॅससाठी अनुदान मिळतं.

"जोडनी एक खेप. भराचा दर खेपेले," मावशी म्हणाली.

मग मी हिशेब मांडला, तिला पटावा म्हणून. निघाला तो मलाच गप्प करणारा. एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. त्याची उष्णता आणि शेगडीची कार्यक्षमता धरली तर भांड्यापर्यंत पोहोचतं तेवढं काम करायला साध्या उघड्या चुलीत सुकं लाकूड लागतं सुमारे अडीचशे किलो, कारण अशा चुलीत लाकडातल्या उष्णतेचा दहावा हिस्साच भांड्याला लागतो. डोक्यावरची एक मोळी पंचवीस किलोची धरा. म्हणजे एक सिलिंडर बरोबर दहा मोळ्या. दहा वेळा पहाटे उठणं, दहा वेळा जंगल, दहा वेळा मानेवर भार. भारतीय मानक ब्युरोनं सुधारित चुलीसाठी किमान कार्यक्षमता ठरवली आहे २५ टक्के, पंखा असलेल्या चुलीसाठी ३५ टक्के. २५ टक्क्यांची चूल असेल तर दहाच्या जागी चार मोळ्या.

"मंजे चूल सुदरली तं सहा खेपा वाचतात," मावशी बोटं मोजत म्हणाली.

"हो."

"अन् तुह्या गॅसनं दहा वाचतात, पन पैसे असले तं."

"हो."

"मंग तू मले चूल फोडाले कावून सांगतस? चूल नीट कराले सांग."

मी जे वर्षानुवर्षं बोलत होते त्यातली फट तिनं दोन वाक्यांत दाखवली. ज्या घरात सिलिंडर भरायला पैसे नसतात त्या घराला 'चूल सोडा' म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. ते घर चूलच पेटवतं, तीही जुनीच. मग ती चूल कशी आहे हे बघायला कोणी जात नाही, कारण बोलणाऱ्यांच्या लेखी ती संपलेली असते.

आमच्या विदर्भात चूल नीट करण्याच्या कामाची सुरुवात फार जुनी आहे, आणि ती मी मावशीला सांगितली. वर्ध्याला मगनवाडीत १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. स्वातंत्र्याच्या सुमाराला तिथूनच 'मगन चूल' पुढे आली: मातीची, गावात बांधता येईल अशी, धूर बाहेर नेणारं धुराडं असलेली. कुमारप्पांनी ज्या अर्थशास्त्राचा आग्रह धरला त्यात एक फरक फार महत्त्वाचा होता. काही साधनं साठ्यासारखी असतात, कोळसा किंवा खनिज तेल, काढली की संपली. काही प्रवाहासारखी, दरवर्षी पुन्हा येणारी, लाकूड त्यात मोडतं. गॅस साठ्यातला. शिवाय देशात जळणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येतो, मुख्यतः आखाती देशांतून.

"मंजे बोडी अन् बोरवेल," मावशी म्हणाली.

मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. बोडी दर पावसाळ्यात भरते. बोअरवेलचं पाणी कधी साठलेलं, कोणाला ठाऊक. पण बोडीचं पाणी किती उपसायचं हे भरण्यावर ठरतं. भरते त्याहून जास्त उपसली तर बोडीही आटते. बाभूळ जितकी फुटते तितकीच छाटली, तर जळलेल्या लाकडाचा कार्बन नव्या फांदीत परत बांधला जातो. जंगलातला येन किंवा धावडा बुंध्यातून गेला तर तो प्रवाह राहत नाही, साठा होतो. आणि काजळी? ती कोणत्याच हिशेबात परत येत नाही. लाकूड कितीही चांगल्या ठिकाणून आणलं तरी धूर झाला तर तो हवेतही जातो आणि छातीतही. म्हणून 'लाकूड निसर्गाचं, म्हणून चूल निसर्गाची' असं कोणी म्हटलं की मला ते अर्धंच वाटतं. लाकूड कुठलं, किती सुकं, आणि धूर कुठे गेला, हे तिन्ही सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

"आमच्या घरी बी ते निर्धूर चूल होती," मावशी म्हणाली. "बसवून देल्ली होती. नळी होती वर जानारी."

"मग?"

"नळीत काजळ भरलं. काढाचं कसं ते कोनी सांगतलं नाई. मोठा गंज तिच्यावर बसे नाई. दोन पावसाळे चालली. मंग फोडली."

ओडिशात याच गोष्टीचा मोठा अभ्यास झाला. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी धुराडं असलेल्या सुधारित चुली मिळालेल्या घरांचा चार वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्यांच्या श्वासातला धूर कमी झाला. नंतर तो फायदा विरून गेला. लोकांनी चुली नियमित वापरल्या नाहीत, डागडुजी केली नाही, आणि वर्षागणिक वापर घटत गेला. मावशीची दोन पावसाळ्यांची चूल आणि तो अभ्यास एकच गोष्ट सांगतात. चूल बांधून देणं एका दिवसाचं काम आहे. महिन्याला एकदा धुराड्यातून काथ्याचा बोळा फिरवणं, चुलीचा काठ झिजला की माती लावणं, हे रोज चूल पेटवणारीचं काम. तिच्या हाताचा, तिच्या भांड्यांचा, तिच्या भाकरीचा विचार न करता बांधलेली चूल ती का सांभाळेल? आमच्याकडे मटक्यावरची लांब रोटी करतात. उपडं मटकं चुलीवर, त्यावर हातानं लांबवलेली पातळ रोटी. दोन छिद्रांच्या ठरावीक मापाच्या चुलीवर ते मटकं बसतच नाही. मग पाहुणे आले की जुनी चूल पुन्हा मांडली जाते, आणि मांडली की तीच राहते.

आता माझी पाळी होती चुका काढायची, आणि मी त्या काढल्या. मावशी चूल पेटवताना पन्नीचा तुकडा लावते. पटकन पेट घेतो म्हणून. मी तिला सांगितलं, लाकडाच्या धुराहून हा धूर वाईट. प्लास्टिक अर्धवट जळताना काय काय विषारी निघतं ते तिच्याच चेहऱ्यासमोर, चुलीत वाकलेली असताना. तिच्याकडे तुरीच्या बारीक काड्यांचा भारा होता, सुक्या गोवरीचा चुरा होता. रंग दिलेली फळी, प्लायचे तुकडेही चुलीत घालायचे नाहीत. यावर तिनं वाद घातला नाही. "पन्नीचं मले आळस," एवढंच म्हणाली.

आंघोळीच्या पाण्यावर मात्र ती ऐकेना. मी सांगत होते की लाकूड नुसतं स्वयंपाकात जात नाही, पाण्यातही पुष्कळ जातं. थंडीतल्या वीस लिटर पाण्याला अंगाला सोसेल इतकं गरम करायचं तर उघड्या चुलीत सव्वा किलोच्या वर सुकं लाकूड. पाच माणसं, म्हणजे रोज सहा किलोच्या पुढे. चार दिवसांत एक मोळी, नुसती मोरीत वाहून जाते. पाणी उन्हात तापव, असं मी सुचवलं. त्यावर तिनं जे म्हटलं ते खरंच होतं: तिच्या गुडघ्यांना पौषात थंड पाणी सोसत नाही, आणि सकाळी पाच वाजता सूर्य नसतो. मग आम्ही जरा वेगळं ठरवलं. काळा केलेला गंज (मोठं पातेलं) झाकून दिवसभर अंगणात उन्हात ठेवायचा आणि धुण्याभांड्यांचं, नातवाच्या दुपारच्या आंघोळीचं पाणी त्यातून घ्यायचं. सकाळचं पाणी चुलीवरच, पण झाकण ठेवून, आणि गंजाच्या भोवती विटांचं कडं करून, म्हणजे जाळ बाजूनं निसटणार नाही. कोपऱ्यात पत्र्याचा रिकामा पिपा होता. राईस मिलमधला कोंडा आमच्या भागात हवा तेवढा, धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तोच असतो. पिप्याच्या तळाशी बाजूला एक भोक, मध्ये बाटली उभी धरून भोवती भुसा किंवा कोंडा गच्च ठासायचा, बाटली फिरवत काढून घ्यायची. मधल्या पोकळीतून तो हळूहळू, तासन्‌तास जळतो. हे करून बघायचं मावशीच्या मुलानं कबूल केलं. त्याची राख पऱ्ह्यात, म्हणजे धानाच्या रोपवाटिकेत, टाकता येईल, हे मावशीनं स्वतःच सुचवलं.

एवढं सगळं होईपर्यंत जेवणं उरकली होती. सून दाराशी बसून लेकराला पाजत होती. तिनं संध्याकाळभर तोंड उघडलं नव्हतं. ती बोलली तेव्हा माझ्याशी नाही, मावशीशी बोलली.

"आत्याबाई, तुमची चूल चांगली हाये. पन तुमी दुपारी बांधीत जाता तवा सयपाक मी करतो. मले तुमच्यासारखा इस्तो नाई जमत. माह्या हातानं धूर होते. अन् हा माह्या मांडीवर राह्यते."

मी काहीच बोलले नाही. वर्षानुवर्षांच्या माझ्या आकड्यांनी जे झालं नव्हतं ते मला आता मावशीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं नातवाकडे पाहिलं, मग छताकडे. चुलीच्या वरची कौलं काळीभोर, तिथून पुढे दारापर्यंत काळा पट्टा, धूर ज्या वाटेनं बाहेर जातो ती वाट. लेकराची झोळी त्याच वाटेत टांगलेली होती.

"झोरा उद्या हलव," ती मुलाला म्हणाली. मग सुनेला, "लेकरू उठलेलं असन तवा दुपारचा सयपाक गॅसवर कर. सिलिंडर मी भरतो. धान इकलं हाये."

"अन् चूल?"

मावशी उठली. पडवीच्या टोकाशी, सरपणाच्या राशीजवळ, जाऊन उभी राहिली. हात ओला करून हवेत धरला.

"चूल अठी आनू," ती म्हणाली. "पन उगवतीकडून वारा येते, रात्री समजन नाई. पहाटे पाऊन ठरवू. भीत कंबरेएवढी घ्या लागन."

मुलगा विटा किती लागतील ते विचारत होता. मी टॉर्च धरली, आणि तिनं राखेनं जमिनीवर चुलीचा आकार आखला, मोठं मटकं बसेल एवढा.